देठ याचा नाही

कॉम्प्रेसर एकदम बंद पडला आणि पंचशीलाच्या हातातली हवेवर चालणारी बारीक छिन्नी थरथरायची थांबली. टोक दगडापासून केसभर वर होतं, म्हणून निभावलं. तिनं मायक्रोस्कोपवरून डोळे उचलले. भिंतीजवळ पोतनीस सर उभे होते आणि कॉम्प्रेसरचा प्लग त्यांच्या हातात होता.

"शेजारी क्लास चालू आहे, मॅडम," ते म्हणाले. "पोरांना माझं काही सुनाई देत नाहीये. तुमची ही टर्रटर्र बंद ठेवा."

"हा पीरियड रिकामा आहे, सर. टाइम टेबल बघूनच लावला मी."

"मी एक्स्ट्रा क्लास घेतोय. तुमची परमिशन घ्यायची होती का?"

"प्लग खेचायच्या आधी एक आवाज तर द्यायचा. टोक आत घुसलं असतं न."

"कशात? चकतीत?" पोतनीस सर कधी हसत नसत, ओठाचा एक कोपरा फक्त खाली ओढत. त्यांनी प्लग टेबलावर ठेवला. "देठाच्या चकत्यांवरून कोणी नाव ठेवत नाही. पोत्यानं मिळतात त्या. मीच शिकवलं होतं तुला."

'मॅडम'वरून 'तू'वर ते असेच यायचे, अपमान पुरा करायची वेळ आली की. ते गेल्यावर पंचशीलानं प्लग परत लावला नाही. लावला असता तर ते पुन्हा आले असते, आणि पुन्हा आले असते तर तिच्या तोंडून काय निघालं असतं याचा तिला भरवसा नव्हता.

पंचशीला इंगळे इंदूरच्या एका सरकारी कॉलेजात भूविज्ञान शिकवायची आणि यशोधन पोतनीस तिथले विभागप्रमुख होते. त्यांचे पणजोबा होळकरांच्या दफ्तरात होते, घर बडा गणपतीजवळ, आणि घरातलं मराठी अजून पुण्याच्या पाहुण्यासमोर ठेवता येईल असं. तिचे आजोबा महार रेजिमेंटचे शिपाई, पेन्शन घेऊन महूलाच राहिले. महूहून रोज बसनं येऊन तिनं याच विभागात एम.एस्सी. केली होती आणि जीवाश्म तिला पोतनीस सरांनीच शिकवले होते. शिकवणारा माणूस मात्र जबर. फळ्यावर दोन हातांत दोन खडू धरून शंखाच्या दोन्ही बाजू एकदम काढायचे. म्हणायचे, "आधी बघा. नाव नंतर. ज्याला नावाची घाई, त्याला दगड हमखास फसवतो." पंचशीलानं बघणं त्यांच्याकडूनच घेतलं होतं, आणि हे तिला आता गिळवत नव्हतं.

कारण आयोगाची परीक्षा देऊन ती याच विभागात शिकवायला आली, त्या पहिल्या दिवशी पेढ्यांचा डबा घेऊन स्टाफ रूमच्या दारात पोचली, तर आतून सरांचा आवाज आला होता. "चला, आपलं रोस्टर पूर्ण झालं." रोस्टर म्हणजे राखीव जागांचा तक्ता. कोणीतरी खुसखुसलं. ती आत गेली, डबा टेबलावर ठेवला, सगळ्यांना नमस्कार केला. पण ते वाक्य तिच्यात जे रुतलं ते रुतलंच.

तीही काही गरीब गाय नव्हती. सरांनी तिला सकाळचे सगळे पीरियड दिले, तर तिनं विभागातला एकुलता एक चांगला मायक्रोस्कोप आपल्या कपाटात कुलूपबंद करून किल्ली पर्समध्ये ठेवली. सरांनी तिच्या सहलीचा खर्च नामंजूर केला, तर तिनं त्यांच्या जुन्या नोट्समधल्या चुका वर्गात फळ्यावर लिहून दाखवल्या. वर्षानुवर्षं हे असंच चालून राहिलं होतं, आणि दोघांनाही त्याची सवय झाली होती.

दगड मिळाला तो हिवाळ्यातल्या सहलीत, मनावर गावाकडच्या एका शेताच्या बांधावर. पोरं चहाला बसली होती आणि पंचशीला बांधावरचे पिवळट चुनखडीचे दगड उलटेपालटे करत होती. तळहाताएवढ्या एका तुकड्यावर तिला चांदणी दिसली. मसुरीच्या दाण्याहून लहान, पाच टोकांची, कोणी छापा मारावा तशी नेटकी. क्रिनॉइडच्या देठाची ती चकती होती. क्रिनॉइड म्हणजे तारामाशाच्या नात्यातला समुद्रातला प्राणी, दिसायला मात्र हुबेहूब फूल: खाली चकत्यांचा देठ, वर इवलासा पेला, पेल्याभोवती पाकळ्यांसारखे हात. नऊ कोटी वर्षांपूर्वी नर्मदेच्या या खोऱ्यात समुद्र शिरला होता, त्यातला हा. मेल्यावर हे प्राणी विखरून जातात, म्हणून चकत्या सुट्या मिळतात, आणि सुट्या चकतीवरून जात सांगता येत नाही. सर म्हणत होते त्यात काही खोटं नव्हतं.

पण ही चकती सुटी नव्हती. दगड तिरपा धरला की एका चांदणीखाली दुसरी, दुसरीखाली तिसरी, अशी रांग आत उतरत गेलेली दिसायची. देठ आत जात होता. टोकाशी काय होतं ते कोणालाच माहीत नव्हतं.

तेजाबात टाकून दगड विरघळवायची सोय नव्हती. दगडही चुन्याचा, प्राणीही चुन्याचा. दोघं एकदमच गेले असते. कण कण करून कोरणं एवढाच रस्ता होता. कॉम्प्रेसरवर सरांचा डोळा म्हटल्यावर पंचशीलानं छिन्नी ठेवून दिली आणि एक दिवस दुपारी सराफ्यात गेली. तिथं सोनारांची हत्यारं विकणाऱ्या दुकानातून तिनं बारीक कोरणी घेतली आणि सुई पकडायची मूठ घेतली. दुकानदारानं विचारलं, "बहनजी, कौन सा काम?" ती म्हणाली, "पत्थर का." तो म्हणाला, "नग बिठाना है?" ती म्हणाली, "निकालना है."

मग रोज क्लास संपले की ती मायक्रोस्कोपला डोळे लावून बसायची. सुईनं खरवडायचं, कुंचल्यानं धूळ झाडायची, सैल झालेल्या जागी पातळ डिंकासारखं रसायन सोडायचं, वाळू द्यायचं, पुन्हा खरवडायचं. दगड टणक होता. संध्याकाळपर्यंत भाताच्या शिताएवढी जागा मोकळी झाली तरी खूप. अंगठ्याला घट्टा पडला, मान धरली. शेजारच्या वर्गात सर शिकवायचे, त्यांचा खणखणीत आवाज भिंतीतून यायचा आणि तिची सुई जास्तच जोरानं चालायची.

होळी झाल्यावर एक दिवस देठाच्या टोकाशी पेला उघडा पडला. हरभऱ्याच्या डाळीएवढा. त्याच्या भोवती हात मिटून घेतलेले, सुतासारखे बारीक, प्रत्येक हातावर पिसासारखे दोऱ्याहून नाजूक केस. पंचशीलानं श्वास रोखून बघितलं, मग उठून खिडकीशी गेली, पुन्हा येऊन बघितलं. तिथंच होता.

तेव्हा लॅबमध्ये संहिता होती, विभागातली नवीन गेस्ट लेक्चरर. तिनं लेन्समधून बघितलं आणि ओरडलीच, "बाप रे, मॅडम! ये तो पूरा का पूरा आहे! देठासकट!"

"अजून कोणाला बोलू नकोस," पंचशीला म्हणाली. पण संहितेच्या पोटात काही राहत नसे. दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपलना कळलं, प्रिन्सिपलनी एका वर्तमानपत्राचा माणूस बोलावला. पंचशीलानं त्याला तीनदा सांगितलं की हे फूल नाही, प्राणी आहे. छापून आलं: 'इंदूरच्या प्राध्यापिकेला सापडलं नऊ कोटी वर्षांचं फूल, देठासकट'. खाली तिचा फोटो. फुलाबद्दल तिला राग आला, पण 'देठासकट' तिनंच सांगितलं होतं. एका परिषदेला गोषवारा पाठवला त्यातही तेच लिहिलं: देठ आणि पेला जोडलेला, संपूर्ण नमुना. महूहून आईचा, कांताबाईंचा, फोन आला की विहारात सगळ्यांनी कात्रण वाचलं. पंचशीलाला बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

प्रिन्सिपलनी स्टाफच्या बैठकीत सत्कार ठेवला. बैठकीआधी नमुना लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली लावला होता, सगळ्यांनी ओळीनं बघितला, वा वा केली. शेवटी पोतनीस सर आले. खुर्ची ओढून बसले. चष्मा काढला, लेन्स जुळवली आणि बघत राहिले. बघताना माणूस बदलतो. त्यांचे खांदे उतरले, बोटं चाकावर हलकेच फिरत राहिली. लोक हॉलकडे निघून गेले तरी ते उठेनात. पंचशीला दाराशी उभी राहून त्यांच्या पाठीकडे बघत होती. मग ते उठले, चष्मा लावला आणि तिच्याकडे न बघता शेजारून निघून गेले.

हॉलमध्ये शाल-श्रीफळ झालं, टाळ्या झाल्या. प्रिन्सिपल समारोप करणार तेवढ्यात पोतनीस सर जागेवर उभे राहिले.

"विभागप्रमुख म्हणून माझे दोन शब्द. मॅडमचं अभिनंदन. फोटो सुंदर आलाय. एकच गोष्ट सांगायची राहिली. पेपरात ज्या फुलाचा देठ दाखवलाय न, तो देठ याचा नाही."

"म्हणजे काय, पोतनीस जी?" प्रिन्सिपलनी विचारलं.

"म्हणजे प्राणी दोन आहेत. एक मेला, त्याच्यावर दुसरा येऊन पडला. मॅडमनी जोडून दिले. शाल खरं तर अर्धीच द्यायला पाहिजे होती."

मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. पंचशीलाचे कान तापले. शाल खांद्यावर होती, ती तिनं काढून खुर्चीवर टाकली.

"सर, तुम्ही पाच मिनिटं बघितलं. मी संक्रांतीपासून बघते आहे."

"आणि तरी दिसलं नाही. तेच तर म्हणतोय."

"तुम्हाला दिसलं-बिसलं काही नाहीये. तुम्हाला पाहवत नाहीये. मी आले त्या दिवसापासून पाहवत नाहीये. 'रोस्टर पूर्ण झालं' म्हणाला होतात न? मी दारातच उभी होते, सर. पेढे घेऊन."

प्रिन्सिपल खाली मान घालून समोरचे कागद सारखे करू लागले. पोतनीस सरांच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही.

"म्हणालो असेन," ते म्हणाले. "त्यानं देठ जुळत नाही."

आणि ते बसले. कचोऱ्या आल्या. लोक ताटल्यांवर असे तुटून पडले जणू दोन दिवस जेवले नव्हते.

घरी पंचशीलानं ही सगळी हकीकत नवऱ्याला सांगितली. धम्मपाल बँकेत होता, शांत माणूस, पण हे ऐकून त्याचंही डोकं फिरलं.

"जळतोय तो बुढ्ढा. रिटायर व्हायला आला, नावावर एक धड काम नाही. लेखी कम्प्लेंट दे. भर मीटिंगमध्ये कबूल केलं त्यानं."

"देईन. पण ते वेगळं."

"वेगळं काय?"

पंचशीला पोळी लाटता लाटता थांबली. "पेला आणि देठ जिथं भिडतात न, तिथं जरासा सरकलेला दिसतो. मला आधीच दिसलं होतं. वरच्या दगडाच्या वजनानं सरकला असेल म्हणून सोडून दिलं मी."

"मग तसंच असेल. तुला खाली पाडायला म्हणून बोलला तो."

"पाडायलाच बोलला. पण जळणारा माणूस खोटंच बोलतो असं कुठंय? तो बघत होता तेव्हा मी त्याची पाठ बघितली. तो मला विसरला होता. खाली काहीतरी दिसलंय त्याला."

"मग आता?"

"खालून उघडावं लागेल."

"आणि तुटला तर?"

"तुटला तर पेपरातलं तसंच राहील," ती म्हणाली. "कोणालाच कळणार नाही."

धम्मपालनं उठून गॅस बंद केला. पोळी करपली होती.

नमुना उलटा करणं हेच जोखमीचं. पंचशीलानं वरच्या बाजूवर रसायनाचे दोन हात दिले, मऊ मेणाची गादी केली आणि त्यावर तो पालथा बसवला. आता तिला पेला दिसत नव्हता, फक्त दगडाची पाठ. कुठवर खाली जायचं ते आधी घेतलेल्या मापांवरून ठरवायचं. ती कोरत होती आणि मनातल्या मनात सरांशी भांडत होती. त्यांना काय काय सुनवायचं, कोणासमोर सुनवायचं, सगळं ठरवून झालं होतं. देठ पेल्याला चिकटलेला निघणार आणि ती त्यांना हाताला धरून मायक्रोस्कोपसमोर बसवणार.

हातात राग उतरला की सुई घसरते. एका दुपारी ती घसरली. पेल्याच्या बुडाचा नुकताच उघडा पडलेला ठिपका होता, त्यावर किर्रर्र झालं, आणि प्राण्याच्या एका हाताचं टोक, पापणीच्या केसाएवढं, उडालं. पंचशीला गुडघ्यांवर बसून फरशीवर शोधत राहिली. फरशीचाही रंग पिवळट. मिळालं नाही. तिनं सरांना हिंदीत एक शिवी दिली, मराठीत देववली नाही, मग तिथंच फरशीवर बसून रडली. उठल्यावर तोंड धुतलं आणि त्या दिवशी पुन्हा सुई घेतली नाही.

त्यानंतर चार-पाच दिवसांत उलगडा झाला. देठ पेल्याखालून आला आणि थांबला नाही. पेला आणि देठ यांच्यामध्ये कांद्याच्या पापुद्र्याएवढा दगडाचा पडदा होता, आणि पलीकडच्या बाजूला चांदण्यांची रांग तशीच पुढे चालू. देठ नुसता खालून जात होता, रस्त्यात पडलेल्या काठीसारखा. आणि पेल्याचं स्वतःचं बूड कोरं नव्हतं. तिथं एक इवलंसं बटण होतं, त्याच्यावर खळग्या. पंचशीला त्या खळग्यांकडे बघत राहिली. काही क्रिनॉइड लहानपणीच देठ सोडून देतात आणि या बटणावरच्या खळग्यांतून फुटणाऱ्या वाकड्या आकड्यांनी खडकाला धरून राहतात, वाटलं तर पोहतात. आजही समुद्रात आहेत, फेदर स्टार म्हणतात त्यांना, शास्त्रात कोमॅट्युलिड. त्यांतला होता हा. याला देठ नव्हताच.

साध्या देठवाल्यापेक्षा ही चीज भारी होती. पण पंचशीलाला पहिल्यांदा आनंद झाला नाही. पहिल्यांदा एवढंच वाटलं की तो माणूस बरोबर होता. तोंड कडू झालं. एकदा मनात येऊन गेलं की पलीकडच्या चार चांदण्या खरवडून टाकायला अर्धा तास पुरे. तिनं सुई मुठीतून काढून डबीत ठेवली आणि डबीचं झाकण लावलं.

मग ती सरांच्या खोलीत गेली. ते उत्तरपत्रिका तपासत होते. तिनं दारातूनच सांगितलं.

"देठ याचा नाही."

"ते मी सांगितलं होतं," त्यांनी मान वर केली नाही.

"कोमॅट्युलिड आहे. बूड निघालं."

आता मान वर झाली. लाल पेन टोपण न लावता तसंच टेबलावर पडलं. "बूड शाबूत आहे?"

"आहे. एका हाताचं टोक गेलं."

"तुझा हात जडच. एम.एस्सी.ला पण जड होता."

"येताय की नाही ते सांगा, सर."

ते आले. तिनं खुर्ची दिली नाही, त्यांनी स्वतःच ओढली. ती उभी राहिली. ते बोलू लागले ते जुन्या वर्गातल्या आवाजात, स्वतःशी बोलल्यासारखं.

"बटण घुमटासारखं. पाच पट्ट्या दिसतायत काठाला. हात दहा... दहाच. खळग्या उभ्या ओळींत. ओळींत आहेत म्हणजे वंश ठरला." त्यांनी एक लॅटिन नाव घेतलं. "जाऊन लायब्ररीत ताडून बघ. हेच निघेल."

"ओळींत नाहीत," पंचशीला म्हणाली.

"डोळे आहेत का तुला? ही एक, तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी. सरळ रेघेत."

"मधली खळगी नाहीये."

"मग काय आहे?"

हे सांगायचं तिच्या जिवावर आलं होतं. पण न सांगता त्यांना खोडता येत नव्हतं. "माझ्या सुईचा ओरखडा आहे. हाताचं टोक उडालं त्या दिवशीचा. तिला काठ नाहीये, बघा. बाकीच्यांना गोल काठ आहे. ती वगळली तर ओळ राहत नाही. खळग्या विखुरलेल्या आहेत."

पोतनीस सरांनी पुन्हा डोळे लावले. चाक थोडं फिरवलं, परत आणलं. दिव्याचा कोन बदलला. मग मागे रेलले.

"ओरखडा आहे," ते म्हणाले.

"म्हणजे वंश ठरत नाही."

"नमुना खराब केल्यावर कसा ठरेल?"

"खराब नसता केला तरी ठरला नसता. नावाची घाई करू नका म्हणून कोण शिकवायचं, सर?"

ते उठले. खुर्ची मागे ढकलली ती टेबलावर आपटली. "कुळापर्यंत लिही," दारातून म्हणाले. "त्याच्यापुढे गेलीस तर मीच विरोधात पत्र लिहीन."

"मी त्याच्यापुढे जाणारच नव्हते."

ओळख पटवणं म्हणतात ते एवढंच झालं. कुळ पक्कं, वंश अनिश्चित, देठ दुसऱ्याच प्राण्याचा. पंचशीलानं परिषदेला पाठवलेला गोषवारा मागे घेतला आणि प्रिन्सिपलना जाऊन सांगितलं की पेपरात दुरुस्ती द्यायला पाहिजे. प्रिन्सिपल भडकले.

"मॅडम, शाल देऊन झाली. फोटो फ्रेम करून लावला. आता लोकांना काय सांगू, की फूल होतं पण देठ चोरीचा होता? बात खतम करा."

"मग फ्रेम उतरवा."

"मी नाही उतरवणार."

तिनं स्वतःच पेपरला लिहून पाठवलं. त्यांनी छापलं नाही. रोस्टरबद्दलचा अर्जही तिनं त्याच आठवड्यात दिला. त्याच्यावर चौकशी समिती बसेल असं उत्तर आलं, आणि समिती काही बसली नाही. संहितेनं एकदा भीत भीत विचारलं, "मॅडम, आता सरांची आणि तुमची सुलह झाली का?" पंचशीलानं तिच्याकडे असं बघितलं की तिनं पुन्हा विषय काढला नाही.

उन्हाळ्यात लेख लिहून झाला. पाठवायच्या आधी पंचशीलानं एक प्रत पोतनीस सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. संध्याकाळच्या आत त्यांनी तिला बोलावलं. लेखात एका ठिकाणी पेन्सिलीनं गोल केलेला होता.

"हे काय आहे?"

"वाचलंत न. 'देठ आणि पेला वेगवेगळ्या प्राण्यांचे आहेत, हे सर्वप्रथम वाय. पोतनीस यांनी तोंडी निदर्शनास आणलं.'"

"काढ."

"नाही काढणार."

"मी तुझ्यावर मेहरबानी नव्हती केली. चार लोकांत तुला तोंडावर पाडायला बोललो होतो."

"माहीत आहे, सर. म्हणून आभारात नाही लिहिलं. जिथं घडलं तिथं लिहिलं."

"मग लिहायचंच कशाला? तुझ्या मनात आणखी काय आहे?"

"काही नाही. माझ्याआधी तुम्ही बघितलं, ते खरं आहे, म्हणून लिहिलं. तुमच्यासाठी नाही लिहिलेलं."

पोतनीस सर तिच्याकडे बघत राहिले. त्या नजरेत माया नव्हती, पश्चात्ताप नव्हता. एखादा न बसणारा तुकडा हातात धरून बघावा तसं ते बघत होते. पंचशीलानंही नजर काढली नाही. बाहेर कोणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होईना.

"तो अर्ज-बिर्ज तू केलास," शेवटी ते म्हणाले, "तो मागे घेणार आहेस का?"

"नाही."

"मी पण माफी-बिफी मागणार नाही."

"मी मागितली पण नाहीये."

त्यांनी लेख उचलला. तिला वाटलं आता फाडतील. पण त्यांनी पहिलं पान काढून पेन्सिलीनं एका आकड्यावर रेघ मारली आणि गठ्ठा टेबलावरून तिच्याकडे सरकवला. "अक्षांश चुकलाय. हा आकडा धरून कोणी गेलं तर नर्मदेत पडेल."

"बघते," ती म्हणाली आणि गठ्ठा उचलून निघाली.

तिच्या खोलीत येऊन तिनं सहलीच्या वेळची नोंद काढून ताडली. दोन आकडे उलटसुलट झाले होते. तिनं ते सरळ केले, पोतनीसांचं नाव होतं तिथंच ठेवलं, आणि लेख पाठवून दिला. थोड्या वेळानं पार्किंगमध्ये दोघं समोरासमोर आले. सरांनी गाडीचं दार उघडलं, तिनं हेल्मेट चढवलं, आणि कोणी कोणाला नमस्कार केला नाही.